तिच्याशिवाय झालेला गेम

‘हाही पडणार, बघ,’ कंट्रोलर उचलत केतकीने नवऱ्याला सांगितलं.

‘धुकेघाट’ या व्हिडिओ गेमचा पहिला भाग तिने आणि तिच्या तेव्हाच्या भागीदाराने, निनादने, मिळून बनवला होता. मग भांडण झालं, ती बाहेर पडली आणि निनादने एकट्याने काढलेला दुसरा भाग सपशेल आपटला. आज तिसरा आला होता.

पहिल्याच वळणावर केतकी हसायचं विसरली. धुक्यातून वाट आपली आपण शोधायची होती. ओढ्यावरचा लाकडी साकव पायाखाली तुटला तेव्हा तर ती चक्क किंचाळली. गेम अप्रतिम होता, आणि त्यात तिचं काहीच नव्हतं.

तेवढ्यात निनादचा फोन आला. ‘खेळलीस? खरं सांग.’

‘साकवावर मेले रे मी,’ ती कशीबशी म्हणाली. ‘पुढचं काही सांगू नकोस.’