चंद्राचा पुरावा

ह्यूस्टनच्या त्या घरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला भाजलेली टर्की कापायचा मान व्हर्ननचा. त्याने सुरी लावली, एवढ्यात जावई क्लेटन म्हणाला, "सासरेबुवा, आता निवृत्त झालात, खरं सांगून टाका. चंद्रावर कोणी गेलंच नव्हतं ना? सगळं स्टुडिओतलं शूटिंग!"

अपोलो मोहिमेत उमेदीची वर्षं घालवलेल्या व्हर्ननला हे नवं नव्हतं. वारा नसताना झेंडा का हलला, आकाशात तारे का दिसले नाहीत, सगळ्याची उत्तरं त्याने टर्की कापता कापता दिली. क्लेटनने हसत ताट पुढे केलं.

व्हर्ननची बायको मॅक्सीन हिने मात्र काटा खाली ठेवला. "तेव्हा तू पहाटे घरी यायचास. चंद्राचं काम आहे म्हणायचास. मी कधी विचारलं नाही."

क्लेटन घाबरला. "सासूबाई, गेले होते हो चंद्रावर! मी आपली गंमत केली."

"चंद्राचं पटलं रे मला," नवऱ्यावरची नजर न हलवता ती म्हणाली. "आता याचं ऐकू दे."

सुरी थांबली. माणूस चंद्रावर गेल्याचे ढीगभर पुरावे व्हर्ननकडे होते. त्या सगळ्या रात्री आपण कामावर गेल्याचा एकही नव्हता.