चौथी बशी

घरी बसून स्वतःची हुबेहूब प्रतिमा वर्गावर पाठवणारे प्राध्यापक वाढले, तेव्हा खरा माणूस ओळखण्यासाठी कॉलेजने वर्गावर्गात दिवा बसवला. शिकवणारा आपल्या जुन्या लेक्चरांसारखाच बोलला, तरच दिवा हिरवा होई आणि मुलांची हजेरी लागे.

पत्नी वारल्यानंतर प्रा. सबनीस आज पहिल्यांदाच वर्गावर आले होते. घटत्या उपयोगितेचा सिद्धांत त्यांनी शिकवून संपवला, तरी दिवा लालच होता.

"सर," पहिल्या बाकावरची मृण्मयी हळूच म्हणाली, "जुन्या रेकॉर्डिंगमध्ये इथे तुम्ही दरवर्षी पोह्यांचा विनोद सांगता."

"तो नको आता."

"कळतंय, सर. पण हजेरी भरली नाही तर आम्हाला परीक्षेला बसू देत नाहीत."

सबनीसांनी फळ्याकडे तोंड केलं, मग पुन्हा वर्गाकडे.

"पोह्यांची पहिली बशी झकास लागते. चौथी नकोशी होते. पण आमच्या बाईसाहेब वाढायला उभ्या असतील, तर नको म्हणून दाखवा."

दिवा लालच राहिला.

"सर, यानंतर तुम्ही हसता," मृण्मयी खाली बघत म्हणाली.

सबनीस हसले. दिवा हिरवा झाला. याच धड्यासाठी ब तुकडीची मुलं दारात येऊन थांबली होती.