दीड तासाचं अंतर

“आज तरी?” पिलिपूसीने तिकिटाच्या खिडकीत डोकं घातलं.

“धुकं,” मियाली मान वर न करता म्हणाली. कॅनडाच्या पार उत्तर टोकाला, ग्रीझ फियोर्डच्या विमानतळावर तिकीट तीच द्यायची, सामान तीच तोलायची आणि लोकांच्या शिव्याही तीच खायची.

“काल वारा म्हणालीस.”

“काल वारा, आज धुकं. हवा काय मी घरून आणते, काका?”

तिच्या डोक्यावर पाटी होती: रेझोल्यूट, चारशे किलोमीटर, दीड तास. पिलिपूसी पाच दिवस ती पाटी वाचत होता. सोमवारी विमान आलंच नाही. मंगळवारी आलं, गावावर दोन घिरट्या घातल्या. त्याने हात हलवला, पायलटनेही हलवला, आणि गेलं निघून. बुधवारी तो आत बसला. दीड तास गेला, खाली रेझोल्यूट काही दिसेना, दीड तास परत आला. तीन तास उडून गडी आपल्याच घरी चहाला पोचला. बायको हसली, ते त्याला जास्त लागलं.

आज शुक्रवार. उद्या भाची नवऱ्याच्या नोकरीपायी ओटावाला चालली होती, पिलिपूसीच्या आईला सोबत घेऊन. मग भेट कसली?

सहा वर्षांपूर्वी आई गेली ती रागावूनच. तिने त्याच्यासाठी सीलच्या कातड्याचे बूट शिवले होते. ते त्याने एका पर्यटकाला विकले. तिने बोलणं टाकलं, आणि न बोलताच गेली. तीन आठवड्यांपूर्वी रेझोल्यूटहून बहिणीचा फोन आला, “आई आलीय आपल्याकडे.” तेव्हापासून त्याला घास गोड लागत नव्हता.

“फोनवर बोललात ना तिच्याशी?” मियालीने विचारलं.

“मी बोललो. ती नुसती रडली.”

“म्हणजे राग आहे अजून.”

“तू गपचूप वजन कर.”

त्याने खिशातून एक पुरचुंडी काढून काट्यावर ठेवली. काटा हललाच नाही.

“बूट आहेत. स्वतः शिवलेत,” तो म्हणाला. “बोटांची चाळण झाली.”

“त्यापेक्षा खायला काही न्यायचं.”

“दात कुठायत तिला?”

दुपारी धुकं विरलं. विमान आलं, आणि काय आश्चर्य, उतरलंसुद्धा. बरोबर दीड तासाने पिलिपूसी रेझोल्यूटच्या बर्फावर उभा होता. समोर भाची, अंगात मागे मोठी टोपी जोडलेला कोट.

“आई कुठाय?”

“झोपलीय, मामा. उठवलं की गाव डोक्यावर घेते.”

“घेऊ दे. शिव्या खायलाच आलोय मी.”

त्याने हातमोजे काढले. पुरचुंडी सोडली. बूट त्याच्या अंगठ्याएवढे होते.

भाचीने पाठीवर बाळ वागवायच्या त्या टोपीत हात घातला, आपल्या वारलेल्या आजीचं नाव, आणि तिथल्या रीतीने तिचाच जीव मिळालेल्या तीन आठवड्यांच्या लेकीला अलगद बाहेर काढलं आणि म्हणाली, “घ्या मामा, तुमची आई.”