कोऱ्या कपाळावरचं कुंकू

कोकिळाला आपल्या लग्नाच्या व्हिडिओत एवढंच हवं होतं: मायच्या कपाळावर कुंकू, बाबा असताना असायचं तसं. बाबा लग्नाआधीच्या दिवाळीत गेले होते. डोणगावच्या स्टुडिओत मधुकरनं कम्प्युटरवर मायच्या कपाळी लाल कुंकू चढवलं; पण व्हिडिओत माय चालू लागली, की ते कधी नाकावर घसरायचं, कधी मागच्या भिंतीवरच राहून जायचं. सकाळपासून नाना उपाय करून शेवटी त्यानं हात टेकले. "ताई, कपाळ कोरं हाये. हलत्या माणसावर काही चिकटवाचं तं कम्प्युटरले धराले एखादी खूण लागते. इथं कायले धरू मी?" कोकिळा पडद्याजवळ सरकली. "गोंदण हाये न, भाऊ! भिवयांच्या मधात, हिरवं. लहानपणीचं हाये, पुसट झालं. मोठं करून पाहा." खरंच, एक हिरवट ठिपका दिसला. मधुकरनं तोच धरला आणि व्हिडिओ चालवला. माय वळली, वाकली, पाहुण्यांशी हसली. कुंकू जागचं हललं नाही. "आता कुठी जात नाही, ताई," तो खुशीत म्हणाला. कोकिळाचे डोळे भरून आले. पडद्यावर हळदीचं ताट निघालं. सवाष्णी एकेक करून कोकिळाला हळद लावत होत्या. ताट फिरत फिरत मायच्या जवळ आलं. कुणी काही म्हटलं नव्हतं, तरी मायनं पदर सावरला, आणि कपाळावरच्या त्या कुंकवासकट ती निमूट दाराआड गेली.