बोळ सोडून

"मार्ग लिही," आण्णा म्हणाले आणि त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

संयोगिता गडहिंग्लजच्या कॉलेजात मराठी शिकवायची. आई गेल्यापासून एकटे राहणाऱ्या वडिलांकडं, आण्णांकडं, सुट्टीला कोल्हापुरात आली की घरात तिचं एक काम ठरलेलं असे. तालमीच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीचा अर्ज तिच्या अक्षरात जायचा. खाली सही मात्र आण्णांची: अर्जदार, गुंडू पोवार.

"तालमीपासनं मिरजकर तिकटी." आण्णांनी डोळे मिटले होते, चालत निघाल्यासारखे. "बिनखांबी गणपती. म्हाद्वार रोड. पापाची तिकटी. गंगावेस. तिथनं वळून परत तालीम."

समोरच्या पायरीवर शालूबाई लसूण सोलत बसली होती. तिथूनच ती ओरडली, "आण्णा, कवा तरी आपल्या बोळातनं बी आणा की म्हाराजास्नी! आमी काय घोडं मारलंय?"

"बोळात पालखी वळत न्हाय, शालूबाई."

"वळती. तुमीच वळवत न्हाय."

आण्णा हसले. बशी खाली ठेवत म्हणाले, "अर्जदाराच्या दारातनं मिरवणूक न्हेली, की ती अर्जदाराची हुती. लोकांची ऱ्हात न्हाय."

संयोगिता लिहीत राहिली. लहानपणी ती आईचा हात धरून तिकटीवर, तीन रस्ते मिळतात तिथं, एका दुकानाच्या पायरीवर उभी राहायची. लांबून हलगी ऐकू यायची, मग गर्दी हलायची आणि आण्णा दिसायचे. सगळ्यांच्या पुढं, एकटे, छातीला बिल्ला लावलेले. त्यांच्या मागं भगवा, मग हलगीवाले, मग पालखी. परवानगी ज्याच्या नावावर, त्यानं पुढं चालायचं, हा त्यांचा दंडक. आणि परवानगी हातात आल्याशिवाय तालमीच्या कुणी रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, हा दुसरा. समोरून जाताना ते तिच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत; नजर गर्दीवर असायची. मिरवणूक गेली की मायलेकी बोळात परतायच्या. बोळ सुना असायचा. सगळा गाव तिकडं.

अर्ज पुरा झाला. आण्णांनी सही केली, कागदाची घडी खिशात घातली. "उद्या सकाळी देऊन येतो."

सकाळी ते उठलेच नाहीत.

दुपारपर्यंत सगळे जमले. तिरडी बांधून झाली, अंघोळ झाली, गुलाल झाला. अंगणातलं ऊन चढत गेलं आणि तरी कुणी उचला म्हणेना, कारण तालमीची माणसंच नव्हती. शेवटी तालमीचा अध्यक्ष ऋतुराज चौघांना घेऊन धापा टाकत आला.

"कुठं गेलतासा रं?" शालूबाई कडाडली. "माणूस उनात ठेवून!"

"पोलीस स्टेशनात. परवानगी काढाय."

"कसली परवानगी?"

ऋतुराजनं तिरडीकडं बघितलं. त्याचा आवाज उतरला. "ही... आण्णांची."

"आरं बाबा! मग, दिली?"

"हवालदार म्हणला, पावणं, डोकं ठिकाणावर हाय न्हवं? मयताला कुठं परवानगी लागती? मग कोण गेलंय म्हणून इचारलं. नाव सांगितलं तसा टोपी घालून उठून हुबा ऱ्हायला."

गर्दीत कुणीतरी हसलं आणि ते हसू मध्येच मोडलं. संयोगितालाही हसू आलं. सकाळपासून कोरडे असलेले तिचे डोळे तेव्हा भरले.

"मार्ग कुठला घ्यायचा, ताई?" ऋतुराजनं विचारलं.

"नेहमीचाच," ती म्हणाली. "गंगावेशीपर्यंत. तिथनं वळायचं नाही, सरळ घाटावर."

मग मडकं कोण धरणार ते निघालं. आण्णांना मुलगा नव्हता. भावकीतले एक काका पुढं सरकले, तसा ऋतुराज आडवा आला. "काका, राग मानू नगा. फुडं अर्जदाराच्या घरचं माणूस पायजे. ताई हाईत की."

काकांनी संयोगिताकडं बघितलं. मग खाली वाकून मडकं उचललं आणि तिच्या हातात दिलं.

तिरडी खांद्यावर चढली. संयोगिता पुढं झाली. तिनं अंगणाबाहेर पाऊल टाकलं आणि ती तिथंच थांबली.

ऋतुराजच्या मागोमाग आलेल्या तालमीच्या माणसांनी बोळ भरला होता. भिंतींना चिकटून, पायऱ्यांवर, पार तिकटीच्या तोंडापर्यंत. भगवा होता. हलगीवाले होते, पण हलग्या छातीशी धरून. वाद्याला परवानगी लागते, ती काढलेली नव्हती, आणि न काढता वाजवणारी ही माणसं नव्हती. एवढी तालीम या दारात तिनं कधी पाहिली नव्हती. सगळे तिच्याकडं बघत होते, ती कधी चालू लागते म्हणून. आवाज कसलाच नव्हता.

ती मागं वळली. आण्णांचा चेहरा खांद्यांच्या उंचीवर आला होता, गुलालानं माखलेला.

ती बोलली ते पार टोकापर्यंत ऐकू गेलं.

"आण्णा, मला लहानपणापासनं वाटायचं, एकदा तरी मिरवणूक आपल्या दारात आणावी तुम्ही."