सावलीच्या भिंतीसाठी वेल

"भिंतीच्या वर गेली की थांबेल, अशी वेल दाखव," अच्युत म्हणाला.

मारोती नर्सरीवाल्याला मराठी समजायची, उत्तर मात्र हिंदीतच यायचं. "साहब, बेल को बोलना पडेगा. मेरी तो सुनती नहीं."

अच्युतने खिशातून कागद काढला. त्यात महिनाभराच्या उन्हाच्या नोंदी होत्या. ब्राह्मणपाऱ्यातल्या घराच्या अंगणात दादाने, म्हणजे थोरल्या भावाने, यशवंतरावांनी, मधोमध दहा फुटांची भिंत घातल्यापासून या बाजूला ऊन अकरा चाळीसला येतं आणि अकरा बावन्नला जातं. रविवारीसुद्धा. दात घासताना समोर भिंतच दिसते, म्हणून ती झाकायची. पण दादाकडे एक पानही जायला नको. ही चौथी नर्सरी.

मारोतीने एकेक कुंडी पुढे सरकवली. नागवेल. दादा जेवणानंतर पान खातो; बाद. गुळवेल. दादाला शुगर आहे, बाद. मनी प्लांट. तो घरात अकरा वर्षं आहे, काही फरक पडलेला नाही.

"आणि ही जाई?" उलट्या कुंडीवर बसलेल्या त्याच्या बायकोने, इंदूने विचारलं.

"छाया में लग जाएगी, दीदी. पर फूल धूप में आएंगे. मतलब दीवार के उधर. इधर सिर्फ लकडी."

"बाद," अच्युत म्हणाला.

इंदू उठली नाही. "मले पाचवी नर्सरी पाहायची नाही. गेल्या साली महालक्ष्म्यांले वहिनींनी प्लास्टिकच्या वेण्या घातल्या. मी छतावरून पाहिलं. दादांच्यानं आता बाजारात जाणं होत नाही. दोघी महालक्ष्म्या अशा उभ्या होत्या, जशा कोणा अनोळखी माणसाच्या लग्नाले आल्या."

महालक्ष्म्या थोरल्याकडेच बसतात. धाकट्याने वेगळ्या मांडायच्या नसतात. गेल्या साली त्या दिवशी अच्युतकडे खिचडी होती.

त्याने कागदाची घडी घातली. मग घडीची घडी. आणखी घडी होईना, तेव्हा जाईची कुंडी उचलून पाहिली. रोप वीतभर होतं.

"वर पोचायले किती दिवस लागतात?"

"दो साल तो पकडो, साहब."

अच्युतने कुंडी हळूच खाली ठेवली.

"आमचा दादा ब्याऐंशीचा आहे," तो म्हणाला. "मोठी दाखव."