आडावरची तार

दीपाने कागदावर वेटोळं करून ठेवलेल्या तारेवर बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं. ग्रीस होतं. काळं, चिकट, गाडीच्या चाकाला घालतात ते.

"अगं बाई! आक्का, हे कसलं? बरं झालं, आडात सोडली नाहीत."

प्रभावती आक्का पायरीवर बसल्या होत्या. ओठ कोरडे पडले होते. "काल ज्ञानू आलता," त्या म्हणाल्या. "फाटकाच्या बिजागऱ्यांना ग्रीस घालाय."

"त्या ज्ञानूमामांना कळत नाही होय? आडाच्या तारेला कुणी ग्रीस फासतं?"

आक्का पायरीवरची मुंगी बघत बसल्या.

आक्कांचं व्रत सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. नळाचं पाणी चालत नाही, बाटलीचं तर नाहीच. आडाचं पाणी हातानं ओढायचं, फडक्यानं गाळायचं, मगच तोंडात. त्यात ग्रीसचा ठिपका पडला तर पाणी बाद, आणि पाण्यातल्या जिवांचं पाप वर. मुलगा केतन कॅनडाला जाताना स्टेनलेसची तार घालून गेला होता. तिला गंज चढत नाही. पण कोरडी ठेवली तर पेड आतल्या आत एकमेकांवर घासतात आणि बाहेरून न दिसता तुटत जातात. म्हणून दर पंधरवड्याला आक्का तार उतरवून मांडीवर घेत, वीत वीत पुसत, खोबरेलाचं बोट फिरवत. समोरच्या घरातल्या दीपाला हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. आक्का मान वर करून हाक घालायच्या, "ये की गं, बाळाला घेऊन!"

"येते की, आक्का," दीपा म्हणायची. तेवढ्यात बाळ रडायचं, नाहीतर दूध उतू जायचं. दिवस तसाच जायचा. नवरा वृषभ नोकरीला बेंगलोरला. दिवसभरात तिच्याशी अख्खं वाक्य बोलायचा तो गॅसवाला, तोही महिन्यातून एकदा.

आज मात्र आक्कांची हाक वेगळी होती. "दीपा, पाणी न्हाय गं मला." ती तशीच गॅस बंद करून, बाळाला उचलून आली होती.

"कालपासून काहीच घेतलं नाहीत?"

"उपास समजायचा."

दीपाच्या परसातही आड होता, सासऱ्यांच्या वेळचा. तिने बाळ आक्कांच्या मांडीवर ठेवलं आणि घरी जाऊन कळशी ओढून आणली. तळहात सोलवटले.

"आणखी चार कळशा आणून ठेवते. दिवसाची काळजी नको."

"साठवून काय उपेग? दोन घटका झाल्या की पुन्हा गाळाय लागतंय. आन् फडक्यातली जिवाणी तुझ्याच आडात सोडाय पायजे. ज्या आडातले जीव, त्याच आडात. बस जरा, गाळून देते."

बसावंच लागलं. आक्का पाणी सावकाश गाळत होत्या. दीपाला वाटलं, इतकं सावकाश कुणी गाळतं?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी एकदा आणि दिवस मावळायच्या आत एकदा, असा नेम पडला. दीपा यायची ती चिडचिडत. घरी भांडी तशीच, कपडे तसेच. आक्का बाळाला घ्यायच्या आणि तिच्यापुढे ताट सरकवायच्या.

"भाकरी हाय, मुगाची आमटी हाय. खा गप. उभ्या उभ्या गिळतीस ते दिसतंय मला खिडकीतनं."

बाळ झाल्यापासून दीपाने तव्यावरची गरम भाकरी खाल्ली नव्हती. पहिल्याच घासाला डोळे भरून आले.

"आमटी तिखट लागली व्हय गं?"

"हो."

"मग दूध घे," म्हणत आक्कांनी बाळाला छातीशी धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

त्या आठवड्यात केतनचा फोन आला. "ताई, किती दिवस त्रास तुम्हाला! ज्ञानूकडून नवी तार घालून घ्या ना." दीपाने लगेच बाळाला खांद्यावर टाकलं. कोपऱ्यावरच्या ज्ञानूमामांच्या दुकानाकडे जाता जाता तिने भांडण मनात नीट जुळवून ठेवलं.

"काय ओ ज्ञानूमामा, बिजागऱ्या सोडून तारेला ग्रीस? म्हाताऱ्या बाईला पाण्यावाचून ठेवलंत!"

ज्ञानू तारेचं भेंडोळं खाली काढत होता. ते हातात तसंच राहिलं.

"मी? आरारारा! तीस वर्षं त्यांच्या घरचं काम करतोय, मला त्यांचं पाणी म्हाईत न्हाय व्हय? ग्रीस त्यांनीच मागून घेतलं, वाटीत. वर मलाच इचारत्यात, आडात ठिपका पडणार न्हाई असं लावायचं कसं? म्हटलं, तार भाईर काढा, कागदावर पसरा आन् मग लावा. कशाला पायजे इचारलं, तर म्हणाल्या, तुला काय करायचंय?"

रस्त्यावरनं केएमटीची बस गेली. बाळाने दीपाच्या कानातलं ओढलं, तेही तिला कळलं नाही.

"किती मीटर कापू, ताई? आत्ता येऊन बसवून देतो."

"कापू नका."

"आँ?"

"आक्कांनी विचारलं तर सांगा, तसली तार सध्या कोल्हापुरात मिळत नाही."

"अवो, ही काय माझ्या हातात!"

"ती आत ठेवा," दीपा म्हणाली, आणि दिवस मावळायच्या आत कळशी भरायला घराकडे वळली.